हीरक महोत्सवाची रात्र आणि चापेकरांचे आत्मवृत्त

२२ जून १८९७ ही तारीख वर्गात शिकवायला दहा मिनिटे पुरतात. रँड, आयर्स्ट, ‘गोंद्या आला रे’ आणि फाशी. त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्याने एवढ्या बग्ग्या कशासाठी चालल्या होत्या, हे मुले विचारीत नाहीत; आपणही सांगत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली होती. (पुष्कळदा ‘राज्याभिषेकाला’ असे छापतात, ते चूक. राज्यारोहण १८३७ चे, राज्याभिषेक १८३८ चा.)

दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त एवढ्यासाठी मुळातून वाचावे. त्यात गोळीबार आहे तसा उत्सवही आहे. दिवस मावळला आहे, भोवतालच्या टेकड्यांवर जाळ पेटले आहेत आणि गव्हर्नरच्या बंगल्याकडची शोभा पाहायला माणसांची रीघ लागली आहे. ही माणसे कोण? पुष्कळशी पुण्याचीच असणार. प्लेगच्या निमित्ताने गोरे सोजीर ज्यांच्या माजघरात शिरले, तेच हे शहर. ती झडतीची मोहीम मे महिन्यात थांबली. मध्ये जेमतेम महिना गेला होता. रँडच्या बग्गीमागे धावण्याच्या प्रसंगापेक्षा मला ही गर्दी अधिक अस्वस्थ करते.

दामोदरपंत हरिदासांचे चिरंजीव, वडिलांच्या कीर्तनात साथ करीत वाढलेले. आख्यान कुठे थांबवावे, कुठे चढवावे हे त्यांना उपजत कळते. पण त्याच आवेशात पुस्तकाचा दोषही आहे. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे ते ज्या चवीने सांगतात, त्याच चवीने सुधारकांवर हात टाकल्याचेही सांगतात. आपल्या जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. वाचकाने दोन्ही वाचाव्यात. हुतात्म्याचे मोठेपण त्याने उणावत नाही, असे माझे मत आहे. कोणाला राग आला तरी.

गव्हर्नरचा तो बंगला १९४९ नंतर पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. एका शिबिराच्या निमित्ताने मी तिथे गेलो होतो. परत आल्यावर नववीला हा धडा शिकवताना मी गोळीबाराच्या आधी रोषणाईपासून सुरुवात केली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, घरात घुसणाऱ्यांची रोषणाई बघायला लोक गेलेच कसे?”

पुढचा तास गणिताचा होता. तोही मी मागून घेतला.