भेसळ नव्हे, बदली

अतिसंवाहकतेवरील लेखात ‘डोपिंग’साठी ‘भेसळ’ लिहिलेले आम्हाला खटकते. हळदीत पीठ मिसळणे ही भेसळ, हे सांगलीकरांना सांगायला नको. १९८६ साली बेडनोर्झ व म्युलर यांनी अभ्यासलेल्या लँथॅनम-तांबे-ऑक्सिजन संयुगात बेरियम लँथॅनमच्याच जागी बसते. साताऱ्याच्या गुरुजींच्या जागी सांगलीचे गुरुजी बदलून यावेत, तसे. लँथॅनम तीन इलेक्ट्रॉन देते, बेरियम दोनच. ही तूट शेजारच्या तांबे-ऑक्सिजनच्या थरात पडते आणि एरवीचा विद्युतरोधक सुमारे ३० केल्विनखाली अतिसंवाहक होतो. बदली फार झाली, तर हा गुण पुन्हा जातो. ‘भेसळ’ म्हटले, की हा हिशेबच हरवतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील १९९४ च्या यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन संयुगात (सुमारे १२ केल्विन) कार्बन कुणाच्या जागी नव्हे, थरातल्या मोकळ्या जागी आला. त्याला आम्ही ‘बदली’ही म्हणणार नाही.