वर्षसमालोचन : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

वर्ष संपावयास आले की वृत्तपत्रे व नियतकालिके गतवर्षाचा जमाखर्च मांडावयास बसतात. कोण अधिकारावर आला, कोण गेला, कोठे युद्ध पेटले, कोठे दुष्काळ पडला, कोणास कोणते पारितोषिक मिळाले, याची महिनावार यादी छापली जाते. वाचक ती चहाबरोबर वाचतो आणि जुन्या पंचांगाप्रमाणे बाजूस ठेवतो. पुढे पाच-पंचवीस वर्षांनी अशाच याद्या एकत्र बांधल्या जातात, स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, आणि त्यांनाच इतिहास समजण्याचा प्रघात पडतो. कथा, काव्य व नाटक यांची चिकित्सा आपल्याकडे विपुल झाली; चरित्र आणि प्रवासवर्णन यांसही टीकाकार लाभले; परंतु घरोघर वाचल्या जाणाऱ्या या प्रकाराकडे वाङ्मय म्हणून टीकाकाराची दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः निवड, क्रम आणि प्रमाण ही जी कोणत्याही रचनेची तीन मुख्य अंगे, ती तिन्ही येथे उपस्थित आहेत. लेखकाने काय घेतले, कशामागून काय ठेवले आणि कशास किती ओळी दिल्या, एवढ्यावरून त्याची जीवनदृष्टी कळून येते. यास्तव या प्रकाराचे परीक्षण करणे अप्रस्तुत होणार नाही.

परीक्षणासाठी एखादे भरगच्च वर्ष घेणे सोयीचे. १९८४ हे तसे वर्ष आहे. त्या वर्षाचे कोणतेही बरे समालोचन उघडावे. त्यात पुढील गोष्टी बहुधा सापडतील. फेब्रुवारीत सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांचे निधन. मार्चमध्ये ब्रिटनमधील कोळसाखाणींच्या कामगारांचा संप, जो पुढे वर्षभर चालला. एप्रिलमध्ये राकेश शर्मा यांचे अंतराळात उड्डाण. मे महिन्यात बचेंद्री पाल यांचे एव्हरेस्टवर पाऊल आणि त्याच महिन्यात भिवंडीची दंगल. जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लष्कराची कारवाई. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये एक शतांश सेकंदाने हुकलेले पी. टी. उषा यांचे पदक, इथिओपियाचा दुष्काळ, ३१ ऑक्टोबरला श्रीमती इंदिरा गांधी यांची हत्या आणि पाठोपाठ दिल्लीत शीख बांधवांचा झालेला संहार, २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीचे भोपाळ, १९ डिसेंबरला हाँगकाँगविषयी चीन व ब्रिटन यांच्यात झालेला करार, आणि वर्ष मावळताना राजीव गांधी यांच्या पक्षास मिळालेले अभूतपूर्व बहुमत.

ही यादी खोटी नाही. तिच्यातील एकही घटना क्षुल्लक नाही. असे असता तिजवर आक्षेप कोणता?

पहिला आक्षेप कारणपरंपरेचा. यादीत घटना तारखेस जन्मते आणि तारखेसच मरते. भोपाळचेच पाहा. समालोचनकार त्यास एक रात्र देतो. परंतु ती रात्र काही एकाएकी उगवली नव्हती. भरवस्तीच्या शेजारी प्राणघातक रसायनाचा मोठा साठा ठेवणे, त्यास थंड ठेवणारी यंत्रणा बंद असणे, संरक्षक साधने नादुरुस्त पडलेली असणे, हे सर्व आधीचे. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने १९८२ पासूनच धोक्याची घंटा वाजविली होती. उलटपक्षी, कंपनीशी ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली ती १९८९ साली, आणि पीडितांचे हाल तर त्यानंतरही संपले नाहीत. म्हणजे जी घटना दोन्ही बाजूंनी वर्षाच्या चौकटीबाहेर पसरली आहे, तिचा केवळ मधला, डोळे दिपविणारा तुकडा तेवढा यादीत येतो. वाचकास अपघात दिसतो, अपराध दिसत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो निवडीचा आहे. वर दिलेल्या यादीत जानेवारी महिना रिकामा आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. तो खरोखर रिकामा होता काय? प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य सानपाड्यास आहे, आणि सानपाड्यात राहणाऱ्यास हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

१९८४ च्या जानेवारीत, १६ व १७ तारखेस, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात जासई परिसरातील शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच शेतकरी मरण पावले. हा प्रसंगही आकाशातून पडला नव्हता. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीच्या पलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेखाली आल्या. येथील आगरी व कोळी समाजाचे जीवन भातशेती, मिठागरे आणि मासेमारी या तीन आधारांवर उभे होते. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांध घालावयाचे, ते फुटले तर सारा गाव रात्री मशाली घेऊन धावावयाचा, आणि खाऱ्या मातीतून भाताचे पीक काढावयाचे. अशा पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमाने जी जमीन समुद्रापासून मिळविली, ती घेण्यासाठी आधार होता इंग्रजी अमदानीतील १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा. त्या कायद्यास जमिनीचा भाव ठाऊक होता, बांधाचा ठाऊक नव्हता. रास्त मोबदला व पुनर्वसन यांची मागणी घेऊन जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि त्याचा शेवट त्या दोन दिवसांत झाला. शेवट म्हणण्यापेक्षा आरंभ म्हणणे अधिक योग्य. कारण या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व पुढे आले, आणि १९९० च्या दशकात ते शासकीय निर्णयांच्या रूपाने अमलात येऊ लागले. त्यातूनही सार्वजनिक सोयींकरिता पावणेचार टक्के वगळण्यात आले, ही गोष्ट निराळी.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भोपाळात हजारो माणसे गेली. दिल्लीत हजारो गेली. इथिओपियात तर लाखो. त्यांच्या पंक्तीस पाच शेतकऱ्यांचा मृत्यू बसविणे हे प्रमाणाचे भान सुटल्याचे लक्षण नव्हे काय? जगाच्या वृत्तांतात प्रत्येक तालुक्याने जागा मागावयाची म्हटले तर वृत्तांत लिहावयाचा कोणी?

आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याच यादीत ब्रिटनचा खाणकामगार आहे, हे विसरता येत नाही. तो तेथे का आहे? मृतांच्या संख्येमुळे नव्हे. शासनाची शक्ती एका बाजूस आणि भूमीवर व भूमीखाली राबणाऱ्या एका समाजाचे सबंध जीवन दुसऱ्या बाजूस, असा तो झगडा होता, आणि त्याच्या निकालाने त्या देशाचे पुढील स्वरूप ठरले, म्हणून तो तेथे आहे. नेमके हेच शब्द जासईसही लागू पडतात. फरक इतकाच की पहिली वार्ता लंडनच्या वृत्तसंस्थांनी जगभर पोचविली आणि आपल्या यादीकाराने ती तयार स्वरूपात उचलली. दुसरी उरणहून मुंबईस येण्यास मधली खाडी आडवी आली. तेव्हा यादीकाराने लावलेले माप संख्येचेही नव्हे आणि परिणामाचेही नव्हे. ते वृत्तसंस्थेच्या तारेचे माप आहे. महत्त्वाची घटना आणि गाजलेली घटना यांतील भेद पुसला जाणे हाच या वाङ्मयप्रकाराचा मुख्य दोष होय.

शिवाय 'जागतिक' आणि 'स्थानिक' अशी जी भिंत हा आक्षेप गृहीत धरतो, ती तरी कोठे पक्की आहे? याच उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे १९८९ साली नवे बंदर सुरू झाले. देशोदेशीचा माल पेट्यांत भरून तेथे उतरतो आणि तेथून सबंध हिंदुस्थानात जातो. १९८४ च्या डिसेंबरातील हाँगकाँगचा करार जर जागतिक, कारण ते जगाच्या व्यापाराचे बंदर, तर ज्या गावांच्या जमिनीवर आपल्या व्यापाराचे बंदर उभे राहिले, त्यांची कथा केवळ स्थानिक कशी? जगाच्या घडामोडी शेवटी कोणाच्या तरी शेतातच घडत असतात.

या संदर्भात आपल्या जुन्या वाङ्मयातील एका प्रकाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. तो म्हणजे शकावली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात सापडलेली आणि लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेली जेधे शकावली सर्वांस परिचित आहे. शके १५४० ते १६१९ या काळातील नोंदी तीत आहेत, आणि शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादात तिने बजावलेली कामगिरी प्रसिद्धच आहे. वर्ष, महिना, तिथी आणि एक-दोन वाक्यांत घटना; रचनेच्या दृष्टीने पाहता ती आजच्या वर्षसमालोचनाहून निराळी नाही. तीतही दिल्ली आहे, विजापूर आहे. मग ती आपणांस विश्वसनीय व जिवंत का वाटते? आमच्या मते याचे कारण असे की, ती कोणत्या घरात बसून लिहिली हे ती लपवीत नाही. जेध्यांचे वतन, जेध्यांची माणसे आणि त्यांची स्वराज्यातील सेवा या उंबरठ्यावरून ती जगाकडे पाहते. दिल्लीत काय घडले याची नोंद होते, कारण त्याची झळ मावळातील एका खोऱ्यास लागणार असते. तीस स्वतःचा दृष्टिकोन आहे, आणि तो उघड असल्यामुळे वाचकास त्याची वजावट करून सत्य काढता येते. राजवाड्यांनी आपले आयुष्य ज्या दप्तरांच्या शोधात वेचले, त्यांचे सामर्थ्य याच गोष्टीत होते. आजच्या यादीस घर नाही, उंबरठा नाही. ती सर्वांची म्हणून लिहिली जाते, आणि म्हणूनच ती कोणाचीच होत नाही. किंबहुना ती, न सांगता, बलिष्ठांची होते.

१९८४ या आकड्याभोवती जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीची छाया आहे, आणि इंग्रजी शिकलेल्या वर्गात त्या वर्षाची चर्चा होताना तिचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. त्या कादंबरीचा नायक सरकारी कचेरीत बसून जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर बदलण्याचे काम करतो. भूतकाळ पुसण्यासाठी एक सबंध खाते लागते, अशी ऑर्वेलची कल्पना. आपला अनुभव याहून साधा आणि म्हणूनच अधिक चिंताजनक आहे. येथे कोणी काही पुसले नाही, कोणी कात्री चालविली नाही. जासईची वार्ता त्या काळी छापली गेली, तिजवर चर्चा झाली. ती केवळ पुढच्या यादीत आली नाही, आणि त्याच्या पुढच्या यादीने मागची यादी प्रमाण मानली. दुष्ट हेतूवाचूनही विस्मरण घडते. आळस एवढे काम पुरते करतो.

ललित वाङ्मयाने मात्र अशा पोकळ्या भरून काढण्याचे काम पुष्कळदा केले आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. धरणाखाली बुडालेल्या गावांची कैफियत विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने वाचकाच्या घरात आणली. गिरणीसंपानंतरच्या कुटुंबाची वाताहत जयंत पवार यांच्या 'अधांतर'ने रंगभूमीवर उभी केली. कोणत्याही समालोचनातील 'संप अयशस्वी' या दोन शब्दांच्या नोंदीपुढे तो एक नाट्यप्रयोग ठेवून पाहावा, म्हणजे नोंद आणि ज्ञान यांतील अंतर कळून येईल. परंतु कादंबरीकाराने उणीव भरून काढली म्हणून इतिवृत्तकार दोषमुक्त होत नाही. ज्याच्या हाती यादी आहे, त्याने यादी नीट करावी.

ती कशी करावी? अपेक्षा तीनच आहेत. एक, समालोचनकाराने आपण कोठून पाहत आहोत हे प्रारंभी सांगावे. पुण्याच्या, नागपूरच्या वा सानपाड्याच्या माणसाचे वर्ष एकच असणार नाही, आणि ते एकच आहे असा आव आणू नये. दुसरी, घटनेस तारखेबरोबर तिचे मागचे व पुढचे एकेक वर्ष तरी द्यावे, म्हणजे अपघात आणि परिणाम यांची गल्लत होणार नाही. तिसरी, ज्या घटनेने राहणीचा, कायद्याचा वा भूमीचा संबंध कायमचा बदलला, तिला, ती गाजली असो वा नसो, राजे-प्रधानांच्या निधनाइतकी जागा द्यावी. या कसोटीस लावले असता १९८४ च्या यादीतील पुष्कळ नावे टिकतील, काही गळतील, आणि जानेवारी महिना रिकामा राहणार नाही.

हा केवळ वाङ्मयशास्त्राचा प्रश्न नव्हे. १९९२ साली खाडीवरून रेल्वे वाशीस आली, पुढे ती बेलापूरकडे वाढली, आणि आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीय मंडळी सानपाडा, नेरूळ, बेलापूर येथे येऊन स्थिरावलो. घरांच्या जाहिरातींत आणि दलालांच्या बोलण्यात 'साडेबारा टक्क्यांचा प्लॉट' हा शब्दप्रयोग येथे नित्य ऐकू येतो. तो उच्चारताना हा हिशेब कोणाच्या प्राणांनी लिहिला गेला, हे किती जणांस ठाऊक असते? गावठाणातील मुले आणि वसाहतीतील मुले एकाच शाळेच्या बाकावर बसतात. पण एकास जो जानेवारी घरात ऐकावयास मिळतो, तो दुसऱ्याच्या पुस्तकात नसतो. जासईस दरवर्षी त्या हुतात्म्यांना अभिवादन होते, १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या नव्या कायद्याने घेतली, दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळास द्यावे म्हणून २०२१ साली हजारो लोक रस्त्यावर उतरले. आणि तरीही त्या मागणीचे मूळ ज्या वर्षात आहे त्या वर्षाची आपली यादी फेब्रुवारीपासून सुरू होते. शेजाऱ्याचे दुःख ज्या इतिहासात नाही, तो इतिहास पाठ करून परीक्षा उतरता येईल. शेजारधर्म मात्र त्यातून शिकता येणार नाही.