अपील न्यायालय आणि पीडितेची साक्ष : १९९६ च्या एका निर्णयाचे परीक्षण

पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला निर्णय सामूहिक बलात्काराच्या प्रकरणांतील साक्षीचा विचार करताना हमखास उद्धृत केला जातो. तो जितका उद्धृत होतो तितका वाचला जात नसावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. कारण त्यातील जी विधाने प्रसिद्धीस आली, तीच त्याची सर्वांत दुर्बल बाजू होय.

पीडितेच्या साक्षीस स्वतंत्र पुष्टी मिळालीच पाहिजे असा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कोठेही नव्हता. तो सावधगिरीचा संकेत होता, आणि १९५२ च्या रामेश्वर खटल्यात न्या. विव्हियन बोस यांनी त्यास तेवढेच स्थान दिले. पुढे १९९० साली चंद्रप्रकाश केवलचंद जैन यांच्या विरुद्ध महाराष्ट्र राज्याने केलेल्या अपिलात न्या. अहमदी यांनी पीडिता ही गुन्ह्यातील साथीदार नसून तिचे स्थान जखमी साक्षीदाराचे आहे, असे स्पष्ट केले. १९९६ चा निर्णय याच परंपरेतला आहे.

त्यातील घटना १९८४ ची. शालान्त परीक्षेस बसलेल्या अल्पवयीन मुलीस मोटारीतून पळवून नेऊन अनेकांनी तिच्यावर अत्याचार केला. लुधियान्याच्या विशेष न्यायालयाने १९८५ मध्ये आरोपींना दोषमुक्त केले. मुलीस मोटारीची जात सांगता आली नाही, सुटका झाल्यावर तिने वाटेत कोणास काही न सांगता दुसऱ्या दिवशीचा पेपर दिला, फिर्याद उशिरा झाली, ही त्या न्यायालयाची कारणे. शिवाय मुलीच्या चारित्र्यावरही त्याने शिंतोडे उडविले. विशेष न्यायालय असल्यामुळे अपील थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाची पायरी मध्ये नव्हतीच.

न्या. आनंद यांनी ही कारणे ज्या पद्धतीने तपासली ती खरोखर मननीय आहे. खेड्यातल्या मुलीस फियाट आणि अँबॅसेडर यांतील भेद कळावा, ही अपेक्षाच अप्रस्तुत होती. फिर्यादीस उशीर झाला तो गावच्या पंचायतीकडून न्याय मिळविण्याच्या खटपटीमुळे. प्रत्येक विसंगतीस घटनेतूनच उत्तर शोधण्याची ही रीत साक्षीदारास न पाहता केवळ कागदावरून निर्णय देणाऱ्या न्यायालयास फार उपयुक्त आहे. परंतु निर्णय येथे थांबत नाही. कोणतीही स्वाभिमानी स्त्री आपल्या अब्रूस बाध आणणारा असा आरोप खोटा करणार नाही, असे गृहीतही तो साक्षीच्या पाठीशी उभे करतो. हे गृहीत सहानुभूतीचे खरे, तथापि त्याचे मूळ अब्रूच्या कल्पनेत आहे. आणि ज्या स्त्रीस समाज अब्रूदार मानीत नाही, तिच्या साक्षीचे काय, हा प्रश्न त्यातून लगेच उद्भवतो. विशेष न्यायालयाचा तर्क आणि हे गृहीत यांची दिशा परस्परविरुद्ध आहे, भूमी मात्र एकच आहे.

गृहीताची उलटी बाजूही लवकरच दिसली. २००८ च्या राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की पीडितेचे विधान प्रत्येक वेळी ब्रह्मवाक्य मानता येणार नाही, आणि आरोपींची संख्या मोठी असेल तेव्हा कोणी खोटेपणाने गोवला जाणार नाही याची विशेष काळजी घेतली पाहिजे. ही सूचना अयोग्य नाही. पण ती कोणत्या मुद्द्यास लागू पडते हे नीट पाहिले पाहिजे. सामूहिक गुन्ह्यात दोन प्रश्न असतात : अत्याचार झाला काय, आणि समोर उभा असलेला इसम त्या टोळीत होता काय. १९८३ च्या दुरुस्तीने दंड संहितेत जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार समान उद्देशाने वागणाऱ्या टोळीतील प्रत्येकजण दोषी धरला जात असे. म्हणून कोणी नेमके काय केले हे पीडितेस सांगता न येणे घातक नाही. ओळखीचे महत्त्व मात्र त्यामुळेच वाढते. आरोपींच्या संख्येची भीती पहिल्या प्रश्नास लावणे हा तर्कदोष होय. ती दुसऱ्या प्रश्नापुरतीच सार्थ आहे.

२०१२ च्या राय संदीप खटल्यातील निकष, म्हणजे पहिल्या जबाबापासून उलटतपासणीपर्यंत अविचल राहणारा व इतर पुराव्याशी जुळणारा 'अस्सल' साक्षीदार, हा भेद करीत नाही. ज्या साक्षीवरच दोषसिद्धी उभी राहावयाची तिच्याकडून एवढी अपेक्षा रास्त मानता येईल. परंतु सर्व साक्षींचे सरसकट माप म्हणून तो वापरला गेल्यास १९९६ मध्ये मोडीत काढलेला मोटारीच्या जातीचा प्रश्न पुन्हा वेगळ्या रूपाने विचारला जाईल.

गुरमीत सिंग निर्णयाचा शेवट सहसा कोणी उद्धृत करीत नाही. दोषमुक्ती रद्द झाली तेव्हा घटनेस जवळजवळ १२ वर्षे लोटली होती. तो गेलेला काळ आणि घटनेच्या वेळचे आरोपींचे तारुण्य ही दोन्ही न्यायालयाने त्यांच्या बाजूने जमेस धरली, आणि बलात्काराबद्दल ५ वर्षांची सक्तमजुरी दिली.