इंग्रजी अभिजात कविता आणि तिची स्मरणीयता

अभिजात इंग्रजी कविता तिच्यातील थोर विचारामुळे स्मरणात राहते, अशी समजूत पाठ्यपुस्तकांनी रुजवली असली, तरी यौवन सरते, मृत्यू अटळ आहे, निसर्ग मनाला निववतो हे विचार दुय्यम कवींनीही तितक्याच तळमळीने मांडले आणि त्यांच्या कविता विस्मृतीत गेल्या, ही वस्तुस्थिती त्या समजुतीला छेद देते. टिकलेल्या कवितेचे मर्म तिच्या घडणीत शोधावे लागते.

इंग्रजी पद्य लघु-गुरूंच्या ठरीव क्रमावर चालत नाही. शब्दातील एखाद्या अवयवावर बोलताना जो जोर पडतो, त्या आघातावर त्याची लय उभी असते. आयंबिक पेंटॅमीटर या सर्वाधिक रुळलेल्या छंदात एक निराघात आणि एक साघात अवयव अशा पाच जोड्यांची ओळ होते. परंतु शेक्सपिअरच्या १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या १५४ सुनीतांत, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांत, किंवा मिल्टनच्या महाकाव्यात हा साचा क्वचितच तंतोतंत पाळलेला दिसतो, कारण मोक्याच्या जागी आघात आपले स्थान सोडतो आणि कानाची अपेक्षा व बोलणाऱ्याचा उच्चार यांत सूक्ष्म ताण निर्माण होतो. ओळ मनात रुतते ती या ताणामुळे. अंध झालेल्या मिल्टनने तोंडी सांगून लिहवून घेतलेल्या आणि १६६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये तर यमकाचाही आधार घेतलेला नाही, वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढे वाहत राहते, आणि त्यामुळे वाचकाच्या स्मरणात सुट्या ओळींपेक्षा एक अखंड, भारदस्त आवाज अधिक राहतो.

घडणीइतकेच महत्त्व नेमकेपणाला आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा टॉमस ग्रे याने दिला आहे. गावच्या दफनभूमीवरील त्याची विलापिका, म्हणजे मृतांविषयीची शोकचिंतनपर कविता, १७५१ मध्ये प्रसिद्ध झाली. अनामिक ग्रामस्थांची थोरांशी तुलना करताना आरंभीच्या हस्तलिखितात त्याने केटो, सिसेरो आणि सीझर ही रोमन नावे योजली होती. पुढे ती खोडून तेथे हॅम्पडन, मिल्टन आणि क्रॉमवेल ही इंग्लंडच्याच इतिहासातील नावे आली. बदल तीनच नावांचा, पण त्यामुळे विद्वत्तेचे प्रदर्शन गळून पडले आणि त्या मातीत पुरलेल्या माणसांचे न जगलेले आयुष्य त्याच मातीच्या इतिहासाशी जोडले गेले. ग्रेच्या इतर काव्याविषयी कठोर असणाऱ्या समीक्षक सॅम्युअल जॉन्सननेही या एका कवितेपुढे आपला विरोध आवरता घेतला.

कीट्सची शरद ऋतूवरील ओड ही घडण आणि नेमकेपणा साधण्याच्या कलेची परिसीमा मानावी लागेल. ओड म्हणजे व्यक्तीला, वस्तूला वा भावनेला उद्देशून रचलेले गंभीर, विस्तृत गीत. १८१९ च्या वसंतात नाइटिंगेल पक्ष्याला उद्देशून लिहिलेल्या ओडमध्ये प्रत्येक कडवे दहा ओळींचे आहे आणि कवीची स्वतःची वेदना आरंभापासून उघड आहे. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला विंचेस्टर येथे लिहिलेल्या शरदाच्या ओडमध्ये मात्र कडवे अकरा ओळींचे झाले आणि ‘मी’ पूर्णपणे नाहीसा झाला. जास्तीच्या ओळीमुळे अखेरचे यमक जुळण्यास विलंब लागतो, आणि ऋतूचे ओथंबलेपण वर्णनाइतकेच या विलंबातूनही जाणवते. कीट्स पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला, या करुण कथेमुळे त्याची कविता प्रिय झाली असे म्हणणे त्या अकराव्या ओळीवर अन्याय करणारे आहे.

स्मरणीयतेला कवितेबाहेरचीही कारणे असतात, हेही मान्य केले पाहिजे. फ्रान्सिस पाल्ग्रेव्ह याने १८६१ मध्ये संपादित केलेल्या ‘द गोल्डन ट्रेझरी’ या संग्रहाने शाळा-महाविद्यालयांतून कोणत्या कविता पाठ व्हाव्यात हे दीर्घकाळ ठरवले, आणि सतराव्या शतकातील कवी जॉन डन याला या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीत स्थानच नव्हते. अभ्यासक ग्रिअरसनने १९१२ मध्ये डनच्या कवितांची संपादित आवृत्ती काढली, १९२१ मध्ये कवी-समीक्षक एलियटने डनच्या परंपरेवर लेख लिहिला, आणि खडबडीत मानली गेलेली त्याची लय बोलत्या माणसाची लय म्हणून ऐकू येऊ लागली. संग्राहकाची निवड कवितेला झाकू शकते. निकृष्ट कवितेला मात्र ती फार काळ तारू शकत नाही, कारण पाल्ग्रेव्हच्या आवडीच्या कितीतरी रचना आज कोणाच्या ओठांवर नाहीत.

इंग्रजी काव्यपरंपरेचा मराठीवरील ठसा केशवसुतांनी आणलेल्या सुनीतात दिसतो. चौदा ओळींची चौकट आणि अखेरीस विचाराला मिळणारी कलाटणी मराठीत आली, पण बहुतेक मराठी सुनीते शार्दूलविक्रीडितासारख्या वृत्तांत रचली गेली, जिथे एकोणीस अक्षरांचा लघु-गुरू क्रम पक्का असतो आणि आघात हलवण्याची शेक्सपिअरची मोकळीक उरत नाही. त्यामुळे मराठी सुनीतकाराला तोच ताण वृत्ताच्या ठरीव चालीविरुद्ध वाक्याचे विराम मांडून, ओळीच्या मध्येच वाक्य संपवून किंवा पुढच्या ओळीत ढकलून साधावा लागला.