फातिमा शेख : एक पत्र आणि आमचे लेख

सावित्रीबाई फुले यांची सहकारी फातिमा शेख हा आपल्या लेखकांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. जानेवारी आला की तिच्यावर लेख येतात. आम्हीही ते आवडीने वाचतो, इतरांना वाचून दाखवतो. अलीकडे असे काही लेख पुन्हा वाचताना आम्ही हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक विधानापुढे एकच प्रश्न लिहीत गेलो : हे कोणी सांगितले आणि कशावरून?

मूळ आधार लहान, पण भक्कम आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेराहून, म्हणजे नायगावहून, जोतिरावांना पत्र लिहिले. आजारपणामुळे त्या तिथे होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, तरी ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात (१९८८) हे पत्र छापले आहे. हा त्रास शाळेच्या कामाचा, हा आपण लावलेला अर्थ. तो रास्त आहे, पण आहे अर्थच.

आमच्या लेखांत मात्र याच उल्लेखावर मजल्यावर मजले चढले. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख आली. ती इतकी रुळली की २०२२ साली त्याच दिवशी गूगलनेही तिचे चित्र झळकवले. पत्रात जन्मतारीख नाही. भाऊ उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला आसरा दिल्याची हकिकत आपण सारेच सांगतो. तीही या पत्रात नाही. जुन्या छायाचित्रात सावित्रीबाईंशेजारी बसलेली स्त्री फातिमाच, असे मानले जाते. ही ओळखही मागाहून दिलेली. यातले काही खरे असेलही. पण 'असे सांगतात' हे दोन शब्द आम्ही गाळले.

त्याची किंमत जानेवारी २०२५ मध्ये कळली. फातिमा शेख ही आपणच रचलेली व्यक्तिरेखा असल्याचा दावा एका पत्रकाराने समाजमाध्यमावर केला. आपल्याकडे संताप उसळला. १९८८ साली छापलेले पत्र समोर असताना तो दावा टिकणारा नव्हताच. तरी अनेकांनी उत्तरादाखल पुढे केली ती जन्मतारीख आणि ते छायाचित्र! भक्कम पुरावा बाजूला राहिला आणि वाद कच्च्या मजल्यांवर रंगला.

रिवायत ऐकली की रावी कोण आणि सनद कोणती, हे विचारण्याची शिस्त आपल्या परंपरेने शतकानुशतके जपली. साहित्य-समीक्षेत ती आपण का विसरावी? फातिमाबद्दल आदर, अभिमान, तिच्या एकटेपणाची कल्पना, हे सारे आमचे आहे. त्यावर कविता व्हावी, कादंबरीही व्हावी. लेखात मात्र 'पत्रात आहे', 'सांगितले जाते' आणि 'आम्हाला वाटते' या तीन गोष्टी तीन वाक्यांत लिहाव्यात. तसे लिहिले तर लेख थोडा आखूड होईल. पण उद्या आपल्या मुलीने वर्गात उभे राहून फातिमाचे नाव घेतले आणि कुणी पुरावा मागितला, तर तिला खाली मान घालावी लागणार नाही.