परशास्त्रांतील व्याख्यान आणि इतिहासाचा विद्यार्थी

इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढें अन्य शास्त्रांतील तज्ज्ञांचीं व्याख्यानें करविण्याची प्रथा स्तुत्य आहे. परंतु त्यांतून श्रोत्यानें काय न्यावें, याचा विचार क्वचितच होतो. उदाहरणार्थ, दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिती. १९४१ सालीं त्यांनीं आहत नाण्यांच्या वजनांस संख्याशास्त्र लाविलें. तक्षशिलेच्या निधींतील वजनांवरून त्यांनीं दाखविलें कीं, चलनांत फिरतां फिरतां नाणें झिजतें. त्यामुळें गटाचें सरासरी वजन उतरतें आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढते.

या रीतीवरील व्याख्यान ऐकून घरीं गेलेला विद्यार्थी ‘हलकें तें जुनें’ एवढेंच सूत्र टिपून ठेवितो आणि आपल्या संग्रहांतील एकट्या नाण्याचा काळ तराजूवर ठरवूं पाहतो. येथेंच घात होतो. त्या नाण्याचें वजन टांकसाळींतच कमी भरलें असेल, किंवा मागाहून घासून स्वच्छ करतांना घटलें असेल. साक्ष देतो तो एकाच निधींतला, एकाच जातीचा समूह. आणि तीही पूर्वापरक्रमाची, शकवर्षाची नव्हे.

तात्पर्य, पाहुण्या शास्त्रज्ञाकडून निष्कर्ष घेणें सोपें, मर्यादा घेणें अवघड. आमच्या मतें प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटीं श्रोत्यानें एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘आपली ही रीत कोठें चालत नाहीं?’ याचें उत्तर मिळालें, तर व्याख्यान सार्थकीं लागलें. न मिळाल्यास टिपणवहींत परक्या परिभाषेची भर पडते, आणि संशोधनांत नव्या चुकीची.