पुरवणी वाचून पेपर नापास

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की एक मोह हमखास होतो. मूळ पेपर उघडायचाच नाही. त्याच्याबद्दल दुसऱ्यानं काय म्हटलंय ते उचलायचं, शब्द जरा फिरवायचे आणि पुढं जायचं. माझंही तेच झालं होतं, ते सांगतेच. पण आधी एका रेकॉर्डबद्दल.

चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला सोनारीला, घरी गेले होते. हेडफोन काढला तरी सनई, घातला तरी सनई! देवळाकडची तर आपलीच. हेडफोनमधली मात्र जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत वाजलेली. वाजवून घेणारा होता बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन.

अल्बमचं नाव ‘वंडरवॉल म्युझिक’. बीटल्सपैकी कुणा एकाच्या नावावर निघालेली ही पहिली एलपी, आणि त्यांच्या ॲपल कंपनीचीही पहिलीच (फोनवाली नव्हे). संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सरोदवर आशिष खान. एवढं असूनही १ नोव्हेंबर १९६८ ला ती आली तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ब्रिटनच्या यादीत ती शिरलीच नाही, अमेरिकेत ४९ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही. तीन आठवड्यांत बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला आणि सगळे तिकडं वळले. हिला शेरा चिकटला तो कायमचा: तुकड्यातुकड्यांचं पार्श्वसंगीत, पूर्ण अल्बम नव्हे.

शेरा खोटा आहे का? नाही. एकूण १९ तुकडे, त्यातले बरेच दोन मिनिटांच्या आतले. ‘गत किरवाणी’ जेमतेम सव्वा मिनिटाची. सरोद रंगात येतो आणि संपतो. पण हे तुकडे असे का, हा प्रश्न संशोधकानं विचारायला हवा. हे संगीत ‘वंडरवॉल’ नावाच्या सिनेमासाठी होतं. हॅरिसननं हातात स्टॉपवॉच घेऊन प्रसंगांची लांबी मोजली आणि तेवढ्याच लांबीचं संगीत केलं. म्हणजे सव्वा मिनिट ही कलावंताची दमछाक नव्हे, ती प्रयोगाची अट आहे. आता गंमत बघा. सिनेमा मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, पण लंडनमध्ये लागला तो जानेवारी १९६९ मध्ये. रेकॉर्ड त्याआधीच दुकानात. ज्यांनी ती ऐकली त्यातल्या बहुतेकांनी सिनेमा पाहिलेलाच नव्हता. मुख्य पेपर न वाचता त्याची पुरवणी तपासायची आणि ‘विस्कळीत’ म्हणून परत पाठवायची, असा हा प्रकार.

माझं प्रकरण याहून वाईट. थिन फिल्मवरच्या एका जुन्या पेपरबद्दल मी माझ्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘ही पद्धत भरवशाची नाही.’ वाक्य एका रिव्ह्यू पेपरातून आलेलं. गाइडनी एवढंच विचारलं, “मूळ वाचलंस?” वाचलं नव्हतं. वाचलं तेव्हा कळलं, त्यांचं सब्स्ट्रेटचं तापमानच वेगळं होतं आणि टीका दुसऱ्याच तापमानाची होती. दोन पानं पुन्हा लिहिली.

टीकाकाराचं उपकरणही तपासावं लागतं. बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’वर जून १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीननं सडकून टीका केली. सगळे डोक्यावर घेऊन नाचत असताना हा एकटा नाक मुरडत होता. पुढं त्यानं स्वतःच सांगितलं की ऐकताना त्याचा स्टिरिओ बिघडलेला होता. त्याचे सगळे आक्षेप त्यामुळं रद्द होत नाहीत. पण कॅलिब्रेशन न करता घेतलेलं रीडिंग म्हणून ते वेगळ्या रकान्यात टाकायला हवेत.

‘वंडरवॉल’चं पारडं हल्ली उलट्या बाजूला झुकलंय. पूर्व-पश्चिम संगीताच्या मेळाची ‘सुरुवात’ म्हणून कौतुक होतं. हेही न तपासता उतरवलेलं वाक्य. जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ स्वीट’ १९६६ चीच. आणि शर्मा-चौरसियांच्या वादनाची खरी उंची ऐकायची तर ब्रिजभूषण काबरांबरोबरचं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका. तेही एचएमव्हीचंच, निर्माते आपले जी. एन. जोशी. तिथं त्यांना वेळ मिळालाय, इथं स्टॉपवॉच आहे.

मला विचाराल तर ‘वंडरवॉल’ अर्धी चांगली आहे. ‘पार्टी सीकूम’सारखे पाश्चात्त्य तुकडे नसते तरी चाललं असतं. ‘ड्रीम सीन’ मात्र पाच मिनिटांहून मोठा, आणि तिथं हॅरिसन खरोखर काहीतरी शोधतोय असं वाटतं.

सिनेमा मी यात्रेहून परतल्यावर पाहिला. नायक एक विसरभोळा शास्त्रज्ञ, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला, संध्याकाळी भिंतीच्या भोकातून शेजारणीकडं बघणारा. संवाद फारच थोडे. रेकॉर्डवरच्या पहिल्या सनईच्या तुकड्याचं नाव ‘मायक्रोब्ज’ का, हे मला तेव्हा कुठं कळलं. यात्रेत मी तो तुकडा चार वेळा ऐकला होता आणि वहीत ‘उगाच लांबवलेला’ असं लिहून ठेवलं होतं.